परीक्षकाचे शील

एप्रिल महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांतून भीमजयंतीची तयारी सुरू होते. मिरवणूक, निळे झेंडे, भीमगीते यांच्या जोडीला आता ठिकठिकाणी वह्या-पुस्तकांचे वाटप होते, वक्तृत्वाच्या आणि निबंधाच्या स्पर्धा होतात आणि कथालेखनाच्या स्पर्धाही भरतात. काही स्पर्धा एका विहारापुरत्या असतात, काही साऱ्या विभागासाठी असतात. खडकी, बोपोडी, दापोडी या बाजूच्या ज्या कुटुंबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या मुलामुलींनी कथा लिहावी ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या हातांना अक्षर गिरवण्याची बंदी होती ते हात आज लिहितात, एवढे बोलून आपण बहुधा थांबतो. परंतु लिहिलेली कथा पुढे कोणाच्या तरी हातात जाते. तो माणूस ती वाचतो, तिला गुण देतो आणि पहिली कोणती, दुसरी कोणती, बाजूला ठेवायची कोणती हे ठरवतो. या माणसाविषयी, म्हणजे परीक्षकाविषयी, आपण फारसा विचार करीत नाही. आज तो करू.

प्रश्न असा आहे : दुसऱ्याने लिहिलेल्या कथेचा निकाल देण्याचा अधिकार माणसाला कशाने येतो? पदवीने? वयाने? स्वतः दोन-चार पुस्तके लिहिली म्हणून? की आयोजकांनी पत्र पाठवले आणि व्यासपीठावर शाल पांघरली म्हणून?

हा प्रश्न कोणालाही पडू शकेल; पण नवदीक्षित बौद्धाला तो अधिक टोचला पाहिजे. निकाल म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? आपल्या वाडवडिलांचा निकाल ते जन्माला येण्यापूर्वीच लागून गेला होता. त्यांची बुद्धी कोणी पाहिली नाही, त्यांचे काम कोणी तपासले नाही, त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही. जातिव्यवस्था ही अशी एक परीक्षा होती की जिच्यात उत्तरपत्रिका कोणी उघडतच नसे. वरचे नाव वाचून गुण दिले जात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आम्हांला धम्माच्या मार्गावर आणले, तेव्हा हा न वाचता दिलेला निकाल आम्ही फेटाळून लावला. आता आपल्यापैकीच कोणी परीक्षकाच्या खुर्चीवर बसला आणि त्याने त्याच जुन्या पद्धतीने, पान न उलटता, नाव पाहून, ओळख पाहून गुण दिले, तर दीक्षेने बदलले ते काय? फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला. खुर्ची तीच राहिली.

देवदत्ताचा निकाल आणि उपालीचा निकाल

तथागतांच्या काळातील एक प्रकरण येथे सांगण्यासारखे आहे. ते जातकाच्या अट्ठकथेत आलेले आहे. राजगृहातील एका श्रीमंत घरची मुलगी. तिला प्रव्रज्या घ्यायची होती, पण आईबापांनी परवानगी दिली नाही. लग्न झाले. पुढे पतीच्या संमतीने ती भिक्षुणी झाली, ती देवदत्ताच्या गटातील भिक्षुणींच्या विहारात. काही दिवसांनी ती गरोदर असल्याचे दिसून आले. प्रकरण देवदत्तापुढे गेले. त्याने चौकशी केली नाही. लोक आपल्याला नावे ठेवतील, आपल्या गटाची बदनामी होईल, एवढाच विचार त्याने केला आणि तिचे चीवर उतरवून तिला घालवून द्या, असा निकाल देऊन तो मोकळा झाला.

त्या बाईने हा निकाल मानला नाही. मी देवदत्तासाठी नव्हे, बुद्धासाठी घर सोडले, असे म्हणून तिने इतर भिक्षुणींना विनविले आणि त्या तिला घेऊन लांबचा प्रवास करून श्रावस्तीच्या जेतवनात आल्या. तथागतांनी स्वतः झटकन उत्तर दिले नाही. त्यांनी निर्णय उपालीवर सोपवला. उपालीने राजा प्रसेनजित, अनाथपिंडक इत्यादी प्रमुख मंडळींच्या समक्ष काम चालवले. जी गोष्ट पुरुषाला कळणे शक्य नाही ती जाणणाऱ्या विशाखेला त्याने बोलावले. विशाखेने पडदा लावून तपासणी केली, दिवसांचा हिशेब केला आणि गर्भ प्रव्रज्येच्या आधीचा आहे हे सिद्ध झाले. उपालीने भर सभेत ती निर्दोष असल्याचे जाहीर केले. तिचा मुलगा पुढे कुमारकाश्यप या नावाने प्रसिद्ध झाला.

हा उपाली कोण? कपिलवस्तूच्या शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांनीच तथागतांना विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यकुळाचा अभिमान गळून पडेल. तोच उपाली विनयात सर्वश्रेष्ठ ठरला आणि महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्याच्याकडूनच संगायिला गेला. देवदत्त राजकुळातला होता, उपाली वस्तरा चालवणारा होता. परंतु निकाल देण्याचा अधिकार कुळाने येत नाही, तो पाहण्याने येतो. देवदत्ताने पाहिले नाही, उपालीने पाहिले. आणि जे स्वतःला पाहता येत नव्हते ते पाहू शकणाऱ्या विशाखेला बोलावण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. कथास्पर्धेच्या परीक्षकाने ही एक गोष्ट मनात ठेवली तरी त्याचे निम्मे काम झाले.

चार अगती

सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी राजगृहात जो उपदेश केला, तो आपण गृहस्थांचा विनय म्हणून ओळखतो. त्यात माणूस वाईट कर्माकडे कोणत्या चार वाटांनी जातो ते सांगितले आहे : छंद, द्वेष, भय आणि मोह. या चारांना अगती म्हणतात. अगती म्हणजे जिकडे जाऊ नये तिकडे जाणे. परीक्षकाच्या टेबलावर या चारही वाटा रोज येऊन मिळतात.

पहिली छंदाची, म्हणजे आवडीची. आपल्या भावकीतला मुलगा, आपल्या मंडळाचा कार्यकर्ता, आपल्या पोटजातीचा माणूस अशी ढळढळीत आवड सर्वांना ओळखता येते. तिच्यावर साधा उपाय आहे. कथेवरचे नाव चिठ्ठी लावून झाकावे, नुसता क्रमांक ठेवावा, तीन परीक्षकांनी वेगवेगळे गुण द्यावेत. पण आवडीचा एक सूक्ष्म प्रकार आहे आणि तो आपल्या स्पर्धांत जास्त आढळतो. एका कथेत नायक दीक्षा घेतो, दारू सोडतो, मुलीला शिकवतो आणि शेवटी सगळे विहारात जमतात. दुसऱ्या कथेत दीक्षा घेतलेल्या घरात आजीने अजून पेटीच्या तळाशी मरीआईचा टाक जपून ठेवला आहे. नातवाला ताप आला की ती तो गुपचूप बाहेर काढते आणि सून ते पाहूनही बोलत नाही. पहिली कथा परीक्षकाला सोयीची वाटते, कारण तीत आपल्या समाजाचे चांगले चित्र आहे. दुसरी वाचताना त्याला अवघडल्यासारखे होते, म्हणून तो तिचे गुण कापतो.

आमचे म्हणणे असे की हा धम्माचा पक्षपात दिसला तरी तो धम्म नव्हे. दुःख आहे हे मान्य करण्यापासून तथागतांचा मार्ग सुरू होतो. जे घरात आहे ते नाही म्हणणाऱ्या कथेपेक्षा, जे आहे ते प्रेमाने आणि न लाजता दाखवणारी कथा धम्माच्या अधिक जवळ आहे. त्या आजीची भीती कळल्याशिवाय तो टाक पेटीतून जाणार नाही. अर्थात, दुसरी कथा केवळ घरातले उणे दाखवते म्हणून पहिली ठरावी, असेही नव्हे. दीक्षेनंतर घर खरोखर कसे बदलले हे नेमकेपणाने सांगणारी कथा तितकीच मोलाची. प्रश्न चित्र गोड की कडू हा नाही, ते पाहून काढले की ठोकळ्यावरून छापले हा आहे.

दुसरी वाट द्वेषाची. परीक्षक पुष्कळदा स्वतः लेखक असतो. समोरच्या सतरा वर्षांच्या मुलीने आपल्याला आयुष्यभर न साधलेले वाक्य सहज लिहून टाकले आहे, हे त्याला वाचताक्षणी कळते. अशा वेळी मनात जे उठते त्याला मत्सर म्हणतात. तो द्वेषाचाच धाकटा भाऊ. या रोगावर धम्माने दिलेले औषध मुदिता हे आहे. दुसऱ्याचे गुण पाहून होणारा आनंद म्हणजे मुदिता. मैत्री आणि करुणा यांविषयी आपण वारंवार बोलतो, मुदितेविषयी क्वचित. परंतु ज्याला परीक्षक व्हायचे आहे त्याने आधी स्वतःलाच विचारावे : माझ्यापेक्षा चांगले लिहिलेले वाचून मला आनंद होतो काय? होत नसेल तर त्याने आयोजकांचे पत्र नम्रपणे परत करावे.

तिसरी वाट भयाची. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद दिले. भाषण आधी हाती आल्यावर मंडळाच्या लोकांना त्यातील विचार झेपेनात आणि काही भाग वगळावा असे त्यांनी सुचवले. बाबासाहेबांनी बदल करण्यास नकार दिला. अधिवेशन झाले नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले आणि आज ते जगभर वाचले जाते. मंडळाची माणसे दुष्ट नव्हती, जात मोडावी असे म्हणणारीच होती. पण आपले लोक काय म्हणतील या भयाने त्यांना ते भाषण खरे आहे की खोटे हे पाहूच दिले नाही.

अलीकडचे उदाहरण कथेचे नाही, पण परीक्षकांचे आहे. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला ६ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार जाहीर झाला. १२ डिसेंबरला शासनाने निर्णय काढून तो पुरस्कार रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. त्यानंतर शासनाच्या साहित्यविषयक मंडळांतील काही सदस्यांनी राजीनामे दिले आणि इतर पुस्तकांसाठी पुरस्कार मिळालेल्या काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले. पुस्तक पटणे न पटणे हा वेगळा प्रश्न आहे. परंतु वाचून दिलेला निकाल न वाचणाऱ्याच्या शब्दाने फिरवला जातो, तेव्हा पुढच्या प्रत्येक परीक्षकाच्या मनात भय घर करते, ही गोष्ट विसरता येणार नाही. आणि हे भय मंत्रालयातच असते असे नाही. वस्तीतला देणगीदार, नगरसेवकाचा माणूस, मंडळाचा अध्यक्ष यांच्या कपाळावरची आठीसुद्धा पुरेशी होते.

चौथी वाट मोहाची, म्हणजे अज्ञानाची. ही सर्वांत मोठी, कारण हिच्यावरून चालणाऱ्याला आपण चुकलो हे कळतच नाही. गुणपत्रिकेत 'भाषा व शुद्धलेखन' असा एक रकाना असतो. कथेतला म्हातारा 'पानी दे' म्हणतो. परीक्षक लाल शाईने 'पाणी' करतो आणि गुण कापतो. त्या म्हाताऱ्याच्या तोंडी 'पानी' हेच खरे आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. या एका न आणि ण यांवरून शाळेत, कचेरीत, मुलाखतीत आपल्या किती मुलांची जात ओळखली गेली आणि किती मुले त्या दिवसापासून गप्प झाली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. कथेतही तोच न त्यांना नापास करीत असेल तर त्यांनी बोलावे कोठे? लेखकाच्या निवेदनात चूक असेल तर ती जरूर दाखवावी. पण पात्राची बोली ही चूक नव्हे, ती त्या पात्राची ओळख आहे.

गेज आणि कथा

खडकीच्या वाचकांना एक दाखला जवळचा वाटेल. येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. आपल्यापैकी कित्येक घरांतील चुली या कारखान्याच्या पगारावर पेटल्या. तेथे काम केलेल्या माणसाला तपासणी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. तयार वस्तू मापात आहे की नाही हे गेज लावून पाहतात. ती वस्तू कोणी बनवली, तो कोणत्या वस्तीत राहतो, हे गेज विचारीत नाही. तपासणाऱ्याने ओळखीखातर सदोष माल पुढे ढकलला तर दूर सीमेवर कोणाचा तरी जीव जातो. ही सचोटी परीक्षकाने कारखान्यातल्या कामगाराकडून शिकावी. आणखी एक गोष्ट तो कामगार जाणतो. गेज वापरून वापरून झिजते. म्हणून ठराविक मुदतीने गेजचीही तपासणी करावी लागते.

परीक्षकाचे गेज म्हणजे त्याचे वाचन आणि त्याने पाहिलेले जीवन. ते कधी तपासले जाते काय? पण येथे दाखला संपतो, हेही सांगितले पाहिजे. काडतुसे एकसारखी असणे हाच त्यांचा गुण. कथा दुसऱ्या कथेसारखी असणे हा तिचा दोष. बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ साली आला तेव्हा मध्यमवर्गीय कथेचे जुने माप त्याला लागू पडणे शक्यच नव्हते. त्या कथांनी माप बदलायला लावले. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. शाळेचा दाखला हेच माप असते तर 'फकिरा' पहिल्या पानावरच बाजूला पडली असती. म्हणून चांगला परीक्षक दोन कामे एकाच वेळी करतो. तो कथेला माप लावतो, आणि एखादी कथा आपल्या मापाला तोकडे ठरवीत आहे काय हेही पाहतो.

पंचशील आणि गुणपत्रिका

काही नवदीक्षित माताभगिनींना एक शंका येते. कथा म्हणजे कल्पित, म्हणजे खोटे, मग मुसावादापासून दूर राहण्याचे शील घेतलेल्याने ती लिहावी कशी? शंका प्रामाणिक आहे. परंतु खोटे बोलणारा ऐकणाऱ्याला फसवतो. कथा सांगणारा कोणाला फसवीत नाही, ही कथा आहे हे दोघांनाही ठाऊक असते. पाली परंपरेने ५४७ जातककथा जपून ठेवल्या, त्या काय माणसाला फसवण्यासाठी? तेव्हा कथाकार शील मोडीत नाही. शील मोडण्याचा धोका परीक्षकाला अधिक आहे. न वाचलेल्या कथेपुढे गुण मांडून त्याने खाली सही केली, तर ती सही म्हणजेच मुसावाद, कारण 'मी हे वाचले' असे ती सही म्हणते. आणि लायक कथेचे बक्षीस ओळखीच्या माणसाला दिले तर ते अदिन्नादान होय. बक्षीस परीक्षकाच्या मालकीचे नसते. ते ज्याचे आहे त्याला न देणे ही चोरीच. पाचशे रुपयांच्या बक्षिसाला एवढे मोठे शब्द कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या मुलाच्या घरात पहिल्यांदाच कोणी काही लिहिले आहे, त्याला ते पाचशे रुपये नसतात.

दयेने दिलेले बक्षीसही आम्हांला नको आहे. मुख्य बक्षिसे आपसांत वाटून घ्यावीत आणि 'बिचाऱ्याने किती सोसले' म्हणून वस्तीतल्या मुलाला उत्तेजनार्थ बक्षीस द्यावे, ही रीत मोठ्या स्पर्धांत कोठे कोठे दिसते. ती करुणा नव्हे, ती कीव आहे. करुणावान परीक्षक गुण वाढवीत नाही, तो कथा दुसऱ्यांदा वाचतो.

शेवटचा शब्द उपेक्षा. आपल्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. आमची तर पिढ्यान्‌पिढ्या उपेक्षाच झाली, ती आणखी कशाला, असे कोणालाही वाटेल. पण धम्मात मैत्री, करुणा, मुदिता यांच्यानंतर चौथी येते ती उपेक्षा निराळी. लोभाने न झुकणारे, रागाने न तडकणारे, तराजूच्या काट्यासारखे स्थिर मन म्हणजे उपेक्षा. पहिल्या उपेक्षेत माणूस समोरच्याकडे पाहत नाही. दुसऱ्या उपेक्षेत तो स्वतःच्या आवडीनिवडी बाजूला सारून समोरच्याकडे पूर्ण पाहतो. एकच शब्द, आणि त्याच्या दोन अर्थांमध्ये आपला सारा इतिहास उभा आहे. पहिली उपेक्षा आपण भोगली. दुसरी आपल्याला शिकायची आहे.

तेव्हा विहारांच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. परीक्षक नेमताना मोठे नाव शोधू नका, वाचणारा माणूस शोधा. तिघांत एक तरी स्त्री असू द्या, कारण जे उपालीला दिसत नव्हते ते विशाखेला दिसले. शक्य तर एक परीक्षक वस्तीबाहेरचा आणि एक वस्तीतला असावा. प्रत्येक कथेखाली परीक्षकाने चार ओळी लिहाव्यात : काय साधले, काय राहिले. ही चिठ्ठी प्रत्येक लेखकाला मिळावी, बक्षीस मिळो अथवा न मिळो. ज्याचा निकाल लागला त्याला निकालाचे कारण कळले पाहिजे. कारण न सांगता दिलेल्या निकालाखाली आपण फार शतके काढली आहेत.

आणि आईबापांना एवढेच सांगणे. मुलाला बक्षीस मिळाले नाही म्हणून परीक्षकाशी भांडू नका आणि मुलावर रागावू नका. ती चार ओळींची चिठ्ठी त्याच्याबरोबर बसून वाचा. तिच्यातले जे पटेल ते घ्यायला सांगा, जे पटणार नाही ते का पटत नाही याचा विचार करायला सांगा. कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याचे आपण अनुयायी आहोत. परीक्षकाचा शब्दही त्याला अपवाद नाही. आज जो मुलगा अशी पारख करायला शिकेल, तोच उद्या त्या खुर्चीवर बसेल आणि समोरचे पान पूर्ण वाचल्याशिवाय लेखणी उचलणार नाही.

जयभीम.